कच्चं कसं चावलं असेल?

प्रिय आलिया,

बाळापुरात ऊन तापलंय आणि माझं डोकं त्याहून जास्त. तू जवळा बाजारला सासरी गेलीस तेव्हापासून मनातलं सांगायला कुणी नाही. मंगळवारी सहावीला आदिमानव शिकवत होते. विस्तव हाती येण्याआधी माणूस मांस कसं खायचा? दगडाच्या धारेनं पातळ कापायचा, हाडांच्या नळ्या फोडून आतलं चोखायचा, इतकं सांगितलं. तेवढ्यात तुझ्या शाकीरभाईची लेक मिस्बा उठली. "मॅडम, पण कच्चं चावलं कसं असंल? लागलं कसं असंल?"

मला उत्तर माहीत होतं. तुलाही आहे. बकरी ईद झाली की शेजारच्या कमरजहाँ चाचीकडून आमच्याकडं मांसाचा वाटा यायचा. माझी माय विळीवर त्याच्या लांब पट्ट्या कापायची, मीठ-हळद लावून अंगणातल्या तारेवर चान्या वाळत घालायची. आपण दोघी काठी घेऊन कावळे हाकायला बसायचो. माय ओरडायची, "कावळ्यापेक्षा तुमीच जास्त खाऊन राहिल्या की गं भवान्यांनो!" अर्धवट वाळलेली चानी दाढेखाली कितीही धरली तरी तुटायची नाही. जबडा दुखून यायचा. आधी नुसतं मीठ, आणि मागाहून लोखंडाच्या गजाला जीभ लावल्यासारखी चव. हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय?

मिस्बा पुढं म्हणाली, "आलिया फुफू सांगती, तुमी दोघी तारंवरचं कच्चंच खायच्या." वर्ग हसला. मागं कुणीतरी नाक दाबलं. आणि घरातली पहिली पदवीधर, रोज फळ्यावर सुविचार लिहिणारी मी म्हणाले, "नाही. आमच्याकडं असलं काही नव्हतं."

काहून म्हणाले? लाज म्हणावी, तर कसली? त्याच चान्यांवर पावसाळे काढून मायनं मला शिकवलं. आदिमानवाची हुशारी म्हणून जे कौतुकानं सांगितलं, तेच मायचं निघाल्यावर झाकावंसं का वाटलं? चार दिवस झाले, उलगडत नाही. मायलाही विचारता येत नाही, कारण विचारलं की सांगावं लागेल.

मिस्बा खाली बसली ती बसलीच. आता काहीच विचारत नाही. तिच्या लेखी तिची फुफू खोटी ठरली, आणि ते मी केलं. उद्या रविवारी ती तुझ्याकडं येणार आहे, तिच्याच हाती हे पत्र देतेय. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. एसटीत उघडून वाचलं तर वाचू दे. फक्त सोमवारी भर वर्गात तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारावा, एवढं तिला सांग. माझ्या तोंडून खरं उत्तर निघेल की नाही, मला खरंच माहीत नाही.

तारेखाली बसणारी तुझीच,
करुणा