चार नंबर पंप, सर्व ठीक

३ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या साहेबांनी आज मीटिंगमध्ये जाहीर केलं. मशीनची रीडिंग कागदावर लिहिणं बंद. प्रेशर, तापमान, जे काय असेल ते हातातल्या वायरलेस यंत्रात भरायचं, ते थेट ऑफिसच्या स्क्रीनवर येणार. यंत्र कोणतं घ्यायचं ते ठरवायला दोघांची समिती. एक मी. योग्यच. दुसरा साडू.

बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आणि मी एकाच कारखान्यात, हा कोणत्या जन्मीचा सूड आहे कळत नाही. मी पंपहाऊसचा इन्चार्ज, तो बॉयलर आणि मेन्टेनन्स बघतो. तोंडावर अहो-जाहो करावं लागतं. रोजनिशीत अरे-तुरे.

मुख्य मुद्दा. आमचे विभागप्रमुख मार्चअखेर रिटायर होताहेत. साहेब उठता उठता म्हणाले की हे काम जो नीट पार पाडेल त्याचा विचार होईल. खुर्ची एक, उमेदवार दोन. साडूला मिळाली तर मला रजेचा अर्ज त्याच्यापुढे ठेवावा लागेल. त्यापेक्षा नोकरी सोडीन. (सोडणार नाही. पण म्हणायला काय जातं.)

संकल्प: शांत राहायचं. साडूबद्दल वाईट बोलायचं नाही. सखोल अभ्यास करायचा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

अभ्यास झाला. पहिल्याच माहितीपत्रकातलं यंत्र पातळ, चंदेरी, शर्टाच्या खिशात मावेल असं. दुसरं पत्रक उघडायची गरज उरली नाही.

साडूने निवडलेलं यंत्र म्हणजे पिवळी वीट. वर टपोरी बटणं. म्हणे हातमोजे घालून दाबता आली पाहिजेत. मी म्हटलं, हातमोजा काढायला असा कितीसा वेळ लागतो. तर चारचौघांत मला विचारतो, तुम्ही शेवटचा कधी घातला होता. माणसाने किती खाली उतरावं. मी प्लांटमध्ये जातो. गेल्याच वर्षी साहेबांबरोबर ग्रुप फोटोला गेलो होतो. हेल्मेट घालून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चंदेरी यंत्राचा सेल्समन आला होता. सुसंस्कृत माणूस. म्हणाला, तुमच्यासारखी जाण असलेली माणसं आता राहिली नाहीत. हे मी घरी गेली कित्येक वर्षं सांगतोय.

साडूने यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि टेबलाच्या उंचीवरून सोडून दिलं. काच तडकली. मी म्हटलं, तुम्ही मुद्दाम पाडलंत. तर म्हणतो, हो, मुद्दामच. वर आणि वीट काढून तीही पाडली. विटेला काय होणार, फरशीचा टवका उडाला. सभ्य माणसाच्या हातून वस्तू पडत नाहीत, हा साधा मुद्दा कुणी लक्षात घेत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी तोडगा काढला. तीन आठवडे ट्रायल. पंपहाऊसमध्ये माझं यंत्र, बॉयलरवर साडूची वीट. ३ मार्चला डेमो आणि त्याच दिवशी निर्णय.

टॅगची कल्पना माझी. (सेल्समनने सुचवली, पण मान मी डोलावली.) प्रत्येक पंपावर एकेक टॅग चिकटवलाय. यंत्र त्या टॅगला टेकवल्याशिवाय रीडिंगचा रकाना उघडतच नाही. म्हणजे पंपापाशी जावंच लागणार. टेबलावर बसून मनाने आकडे ठोकून द्यायची कामगारांची चैन संपली. या लोकांच्या नसानसांत कामचुकारपणा भरलाय. मी तरुणपणी बसल्या जागी आकडे लिहायचो ती गोष्ट वेगळी. मला आवाजावरून प्रेशर कळायचं. कॅन्टीनपर्यंत ऐकू यायचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अर्धी रीडिंग गायब. पंपहाऊसचा मुख्य ऑपरेटर, सगळे त्याला मिशीवाले म्हणतात, तक्रारींचा पाढा घेऊन आला. हाताला तेल असतं, स्क्रीन ओळखत नाही. पाणी उडालं की यंत्र आपोआप भलतंच काही उघडतं. मागच्या भिंतीशी नेटवर्क नाही. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. काय वाट्टेल ते करा, पण मला सगळी रीडिंग वेळेवर पाहिजेत. त्याने एकदा विचारलं, काय वाट्टेल ते? मी म्हटलं, हो, काय वाट्टेल ते.

असं ठणकावल्याशिवाय हे लोक सरळ येत नाहीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सगळी रीडिंग आली. तासाच्या ठोक्याला. स्क्रीन हिरवीगार. नेतृत्व म्हणतात ते हेच.

साडूच्या बाजूला निम्मं लाल. अमुक ठिकाणी गळती, तमुक बेअरिंग गरम, इथे रीडिंग घेता आलं नाही. स्वतःच्या घरची धुणी स्क्रीनवर वाळत घालायची कुणी सांगितली होती. साहेबांना दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. ते हं म्हणाले. चांगलं हं होतं.

घरी बायकोला सांगितलं. तिने लगेच बहिणीला फोन लावला. आतून ऐकू आलं, नाही गं, हे म्हणताहेत तसं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

साडू टेबलापाशी येऊन उभा राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, एकदा पंपहाऊसमध्ये चक्कर मारून या. बाकी काही नाही. पोटात दुखतंय त्याच्या, आणि ओवा मागायला माझ्याकडे. मी म्हटलं, सगळं इथे दिसत असताना तिथे कशाला तंगड्या तोडायच्या, यंत्र त्यासाठीच तर घेतलंय. वर हेही म्हटलं की आपण आपापलं बघावं. गेला निमूट.

बायकोचं म्हणणं, भावोजी उगाच बोलणार नाहीत, जाऊन यायला काय होतंय. मी म्हटलं, तू माझ्या बाजूची की त्यांच्या? तेव्हापासून अबोला. घरात बरीच शांतता आहे, विचार करायला बरं पडतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

प्रमुख जेवायला गेले होते तेव्हा त्यांच्या केबिनचं माप घेतलं. टेबल खिडकीकडे सरकवावं लागेल. पडदा बदलायचा. साडूला बसायला हात नसलेली खुर्ची. शिपायाने विचारलं, काय चाललंय. सांगितलं, हरवलेलं पेन शोधतोय. चोंबडा.

३ मार्च, सोमवार. सकाळी ७

अकराला डेमो. संध्याकाळी अभिनंदनाचे फोन येतील, लिहायला सवड होणार नाही. म्हणून आजची नोंद आत्ताच करून ठेवतो.

डेमो झाला. उत्कृष्ट. साहेबांनी पाठ थोपटली. माझ्या यंत्रावर शिक्कामोर्तब. साडूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी मोठ्या मनाने त्याच्याशी हात मिळवला. येताना मिठाई आणली. बायकोने डोळे पुसले.

४ मार्च, मंगळवार. नव्या केबिनची आखणी. प्रकृती उत्तम.

३ मार्च, सोमवार. संध्याकाळ

वरच्या दोन्ही नोंदी रद्द.

साहेबांच्या खोलीत स्क्रीन लावली. सगळं हिरवं. नशीब बघा, साहेबांच्या डोळ्यांदेखत चार नंबर पंपाचं ताजं रीडिंग आलं. प्रेशर बरोबर, तापमान बरोबर, शेरा: सर्व ठीक. मी म्हटलं, बघा साहेब. साहेबांनी बघितलं. मग म्हणाले, आत्ता येताना वर्कशॉपच्या दारात एक पंप खोलून ठेवलेला दिसला, त्यावर पांढऱ्या रंगात चार लिहिलंय. मी म्हटलं, दुसऱ्या कुठल्या विभागातला असेल. साडू छताकडे बघत होता.

गेलो सगळे. पंपहाऊसमध्ये चार नंबरच्या जागी नुसता चौथरा. चार बोल्ट वर डोकावताहेत. बाकीचे पंप होते, टॅग मात्र एकावरही नव्हता. टॅग सापडले शेजारच्या चहाच्या खोलीत, टेबलाच्या खालच्या बाजूला, नंबरवारीने एका रांगेत चिकटवलेले. मिशीवाले चहा पीत पीत एकेका टॅगला यंत्र टेकवत होते. साहेबांना बघून अदबीने उठले. म्हणाले, साहेबांनी सांगितलं होतं, काय वाट्टेल ते करा. हे साहेब म्हणजे मी.

साहेबांनी साडूला विचारलं, तुम्हाला माहीत होतं? तो म्हणाला, पंप दुरुस्तीला माझ्याकडेच आला ना, तेव्हा लक्षात आलं. यांना चक्कर मारून यायला सांगितलं होतं. बास. एवढंच बोलला. मी त्याला काय उत्तर दिलं होतं ते त्याने सांगितलं नाही.

हे सगळ्यात जास्त झोंबलं. हरामखोराने मला वाचवायला बघितलं होतं. आता मी त्याचा नीट द्वेषही करू शकत नाही. तरी करणार.

४ मार्च, मंगळवार

विटा घ्यायच्या ठरल्या. केबिन साडूला. साहेबांचा हुकूम: नवी पद्धत अंगवळणी पडेपर्यंत पंपहाऊसची रीडिंग मी स्वतः घ्यायची. प्रकृती बरी नाही.

७ मार्च, शुक्रवार

वीट हातमोजे घालूनही चालते. हे कुणाला सांगणार नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

साडूच्या बढतीचं उद्या दुपारी त्याच्या घरी जेवण. बायको आजच तिकडे गेली, बहिणीला मदत करायला. जाताना म्हणाली, वेळेवर या, निदान उद्या तरी तोंड पाडून बसू नका. अबोला सुटला म्हणायचा.

जायचं नव्हतंच. पण नाही गेलो तर हा जळतो असं म्हणतील. म्हणून अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. केबिनमध्ये गेलो. टेबल त्याने खिडकीकडे सरकवलंय. मला बसायला दिली ती खुर्ची हात असलेली. अर्ज वाचून त्याने चष्मा काढला. म्हणाला, तुम्ही आलात तर मला खरंच बरं वाटेल, पण दुपारचं रीडिंग कोण घेणार? आणि साहेबांना मी काय सांगू? वर म्हणाला, डबा पाठवतो.

५ एप्रिल, शनिवार. दुपार

पंपहाऊस. डबा आला. बायकोच्या हातचं आहे, चवीवरून कळलं.

चार नंबर पंप दुरुस्त होऊन जागेवर बसला. टॅग आता चिकटवलेले नाहीत, पत्र्याच्या पट्टीवर नट-बोल्टने आवळलेत. निघत नाहीत. पाना लावून पाहिला.