हलकं छप्पर

१२ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
शिवराजचा सा. न.

पोचलो एकदाचा. पेरू देशातलं हे गाव इतकं उंचावर आहे, की चार पावलं चाललं तरी धाप लागते. समोरच्या डोंगरावर बर्फ दिसतो. फोनला रेंज नाही. बाजाराच्या दिवशी ट्रक शहरात जातो, तेव्हा पत्राचा फोटो काढून तुला पाठवत जाईन. आप्पांना फोनवर तसंही ऐकू येत नाही. तू कानाशी बसून वाचून दाखव.

इथले लोक क्वेचुआ, इथले मूळचे. मेंढ्या आणि अल्पाका नावाची लोकरीची जनावरं राखतात. फाउस्तीनो नावाच्या म्हाताऱ्याकडं मी उतरलोय. माणूस देवासारखा, पण त्याचं घर कसलं म्हणशील? हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर गवताचा हा एवढा थर, खिडकी नावाला, चूलही त्याच खोलीत. आणि मुलूख भूकंपाचा! आमची संस्था इथं सगळ्यांना नवी घरं बांधून देणार आहे. सिमेंटच्या पातळ विटा, वर हलका पत्रा, चूल बाहेर वेगळी. आम्ही वीसेक स्वयंसेवक आहोत, निम्मे गोरे.

लोक आधी कां-कूं करत होते. मग गावसभेत मी उठलो आणि आईची गोष्ट सांगितली. त्र्याण्णवच्या भूकंपात मी पाळण्यात होतो, डोक्यावरच्या माळवदाची माती खाली आली, आई माझ्यावर ओणवी झाली आणि ढिगाऱ्यातून मी तेवढा जिवंत निघालो. दुभाष्यानं ती त्यांच्या भाषेत सांगितली. बायका पदरासारख्या शाली डोळ्यांना लावून रडल्या. फाउस्तीनो उठला आणि म्हणाला, की आधी माझं घर पाडा. अक्का, नोकरी सोडून आल्याचं सार्थक झालं बघ.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा शिवराज


६ ऑक्टोबर २०२४, जळकोट

चि. शिवराजास,
अक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र आप्पांनी इतकं वाचून घेतलं, की माझा घसा बसला. हायवेवरच्या हॉटेलात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की पोरगं लई मोठं काम करायलंय, लोकांच्या डोक्यावरची माती काढायलंय. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन फिरले. मलाही भरून आलं. आप्पा अजून घरात झोपत नाहीत. पाऊस असो वा थंडी, अंगणातल्या पत्र्याखालीच.

तुझे दाजी म्हणतात, की मेहुण्यानं आमच्या न्हाणीचं दार काही बसवून दिलं न्हाय, अन् समुद्रापल्याड गाव बसवायला निघालाय. मनावर घेऊ नकोस, कौतुकच आहे त्यांना.

एक विचारू? पत्र्याखाली आपण उन्हाळ्यात भाजून निघतो आणि पौषात काकडतो. आपली थंडी ती केवढी, गोधडीत जाते. तिथं तर बर्फ म्हणतोस. ते गवत एवढं जाड का घालतात, चूल खोलीतच का ठेवतात, हे कुणी त्यांना विचारलं का? विचारून घे बाबा.

जिवाला जप, जेवत जा.
तुझी अक्का


८ जून २०२५

ती. अक्कास,
सा. न.

सगळी घरं उभी राहिली. सरळ रांगेत, निळे पत्रे. संस्थेच्या लोकांनी फोटो काढून नेले.

तुझ्या सांगण्यावरून विचारलं होतं मी. घर आवडलं का म्हटलं, तर सगळे हसून मान डोलावतात. तुला उगाच काळजी. इथले ऋतू आपल्या उलट, आता हिवाळा लागलाय. पहाटे पत्र्याच्या आतून पाणी ठिबकतं, अंथरूण ओलं होतं. आतून छत मारायला पाहिजे, संस्था म्हणते पुढच्या वर्षी बघू. गारठा आहे खरा, पण माती अंगावर पडून मरण्यापेक्षा परवडला.

आनंदाची बातमी, फाउस्तीनोची सून सातुर्निना बाळंत झाली. मुलगा. त्यांनी मला नाव सुचवायला सांगितलंय. आप्पांना विचारून कळव.
तुझा शिवराज


१५ जून २०२५, जळकोट

चि. शिवराजास,
अ. उ. आ.

नावाचं राहू दे. ओल्या अंथरुणात बाळंतीण आणि लेकरू ठेवलंय, हे तू असं लिहितोस जसं पावसात सरपण भिजलंय! आजच्या आज त्या दोघांना एखाद्या जुन्या घरात हलव. एखादं तरी उरलं असेल ना? नसेल तर चूल आत घे, धूर झाला तर होऊ दे. शेगडी ठेव. लेकराचं डोकं, पाय झाकून आईच्या पोटाशी ठेवायला सांग.

आप्पांचं म्हणणं, की पत्र्यानं आजवर कुणी मेलं न्हाय. मी त्यांच्याशी भांडले. उत्तर लगेच पाठव.
अक्का


१७ जुलै २०२५

ती. अक्कास,
सा. न.

सातुर्निनाचं बाळ गेलं. छातीत कफ भरला. दवाखाना डोंगराखाली, न्यायला ट्रक नव्हता. मी शहरात जाऊन तुझं पत्र वाचलं, तेव्हा त्याला पुरून झालं होतं.

मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. फाउस्तीनोनं त्या दिवशीही मला जेवायला बसवलं. नंतर हळूच विचारलं, की जुनं घर परत करता येईल का. येत नाही, अक्का. या पातळ भिंतींना गवताचं ओझं पेलत नाही. जुनी माती आम्ही ओढ्यात लोटली होती. नव्या मातीच्या विटा थापून वाळायला हंगाम जातो, आणि हिवाळा तर आत्ता अंगावर आहे. खोकणारी लेकरं अजून चार घरांत आहेत.

संस्था म्हणते, काम यशस्वी झालं. आता पलीकडच्या खोऱ्यातलं गाव घेतलंय. मी धावत तिथं गेलो, हात जोडले, पाडू नका म्हणून ओरडलो. लोकांनी ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर हात फिरवला. एका म्हातारीनं मला धीर द्यायला तुझ्या-माझ्या आईचीच गोष्ट मला सांगितली. म्हणाली, दूरदेशीची एक आई होती, ती मातीखाली गेली, म्हणून आम्ही या लोकांचं ऐकतोय. आणि त्या म्हातारीचा मुलगा त्यांच्या घराच्या भिंतीवर घण घालायला लागला.

राहू की येऊ? आप्पांना यातलं काही वाचू नकोस.
शिवराज


२७ जुलै २०२५, जळकोट

चि. शिवराजास,
अनेक आशीर्वाद.

लपवायचं ठरवलं होतं, पण आप्पा कान लावून बसले होते आणि मला खोटं वाचता आलं नाही. सगळं वाचलं.

राहा म्हणू की ये म्हणू? राहून तू काय करणार, आणि येऊन तरी काय? सातुर्निनाच्या पाया पडावंसं वाटतं, पण ती पुन्हा हसून मान डोलावेल. तुझ्यावर रागही धरवत नाही. लोभ आहेच, तो कुठं जायचाय.

आप्पा तेव्हापासून हॉटेलात जात नाहीत. त्यांनी एवढंच लिहायला सांगितलं, की आईची गोष्ट आता कुणाला सांगू नकोस. तू तर पाळण्यात होतास, तुला ती त्यांनीच सांगितली होती. यापुढं तेही सांगणार नाहीत.

तुझी अक्का