एका सुरातल्या दोन नळ्या

अण्णा,

आज दुपारी तेलाची रिकामी बाटली धुतली आणि पालथी घालायच्या आधी तिच्या तोंडावर फुंकर मारून पाहिली. पेटीवरची काळी दोन. मग आजूबाजूला बघितलं. आता मला सून आहे, तिला काय वाटेल, सासूबाई मोरीत बाटल्या वाजवत बसतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही खोड माझी नाही, तुमची आहे. तुम्ही माझे सासरे, आणि माहेरी भजनात मी वाजवायची त्या पेटीनंतर माझ्या कानाला कुणी काम दिलं असेल तर ते तुम्हीच.

तुमचा जन्म गेला वागळे इस्टेटमध्ये लाकडी साचे करण्यात. साचा वाळूत दाबायचा, उठलेल्या पोकळीत धातू ओतायचा. धातू थंड होताना आकसतो म्हणून तुमची पट्टीसुद्धा निराळी, तिच्यावरचा इंच जरा मोठा. एकदा मी नकळत त्याच पट्टीने ब्लाउजचं कापड बेतलं आणि तो सैल झाला, तर तुम्ही म्हणालात, "अगं, पितळेचा शिवला असतास तर अंगाबरोबर बसला असता." सासऱ्याने असं बोलावं का, म्हणून सासूबाई केवढ्या रागावल्या होत्या! लाकडाचा भुसा आणि ओतशाळेतली धूळ छातीत बसली, डॉक्टरांनी कारखान्यात जाणं बंद करायला लावलं, आणि तुम्ही डोंबिवलीच्या आपल्या दोन खोल्यांत घरी बसलात. जिना चढून आलात की दारातल्या खुर्चीवर बसून धाप ओसरायची वाट बघायचात. मी पाणी आणून द्यायची आणि न बघितल्यासारखं करायची.

त्यात ते ठाण्याचे गॅरेजवाले शेठ आले. शर्यतीच्या गाड्यांचा त्यांना नाद. कुठून तरी परदेशी इंजिन मिळवलं होतं, पण त्याला हवा पोचवणाऱ्या नळ्या, ज्यांना तुम्ही रनर म्हणायचात, त्या धड नव्हत्या. आत पिस्टन नाही म्हणे, काहीतरी गोल फिरतं. ते गेल्यावर मी विचारलं, तर तुम्ही पोळपाटावरच्या कणकेचा गोळा घेतलात आणि दाबून त्याला तीन कोपरे काढलेत.

"समोसा बघ. बाजू फुगलेल्या. हा आत गरगर फिरतो. असे दोन आहेत, शेजारी शेजारी. आणि दोघांच्या घराला दारच नाही, नुसती चौकट."

"मग हवा आत कोण घेतं?"

"हाच. फिरता फिरता स्वतःच्या अंगाने चौकट उघडतो, स्वतःच्या अंगाने झाकतो. झाकली की आत निघालेली हवा आपटते आणि उलटी फिरते."

"म्हणजे पाहुणा आला, दार बंद दिसलं, म्हणून शेजारी गेला."

"शाब्बास! पण तो पोचेल तेव्हा शेजारचं दार उघडं पाहिजे. उशिरा पोचला तर तेही बंद. म्हणून नळीची लांबी महत्त्वाची, आणि दोन्ही नळ्या सारख्या हव्यात. वळणं वेगळी असली तरी आतून सारख्या."

वळणाची नळी आतून मोजायची कशी? तुम्ही म्हणालात, वाजवून. खालचं तोंड हाताने दाबून धरायचं आणि वरच्या तोंडावर फुंकायचं. लांबी सारखी असली तर सूर सारखा. आमच्या भजनी मंडळाची पेटी तेव्हा आपल्याकडेच असायची. ती तुम्ही माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "माझे कान कारखान्याने खाल्ले. तू ऐकायचंस."

नमुना म्हणून प्लास्टिकचे पाइप आणले. त्यात गरम वाळू भरायची, म्हणजे वाकवताना पाइप चेपत नाही. तुम्ही वाळू तापवायला माझी कढई घेतलीत.

"अण्णा, ती नैवेद्याची कढई आहे!"

"मग हासुद्धा नैवेद्यच. वायुदेवाचा."

"वायुदेवाला सांगा, घमेलं चालेल."

हसता हसता तुम्हाला ठसका लागला आणि तो थांबेचना. मी घमेलं स्टोवर चढवलं, खिडक्या उघडल्या. अजून दिसतं मला ते. तुम्ही जुन्या साडीच्या फडक्याने हात झाकून पाइप हळूहळू वळवता आहात, ओठ घट्ट मिटलेले, आणि वळण पुरं होईपर्यंत श्वास धरून. मग एक नळी तुम्ही तोंडाला लावता, एक मी. दोघांचे सूर एकत्र निघाले की मधे थरथर ऐकू येते. तुम्ही कानशीने एकीचं तोंड घासता, पुन्हा फुंकतो, थरथर मंदावते. शेजारच्या काकू दारातून डोकावतात, "काय गं, नागोबा पाळलाय का?" शेवटी संध्याकाळी थरथर गेली. दोन्ही नळ्या मिळून एक सूर. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. असा हात ठेवलात तो तेवढाच.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर सहज म्हणून मी दोन्ही नळ्या वाजवून पाहिल्या, पेटीवर धरून. सूर फुटले होते. एक काळी एकवर बसत होती, दुसरी तिच्या वर सरकलेली. मला वाटलं, माझंच चुकतंय. तुम्हाला हाक मारली. तुम्ही दोन्ही नळ्या गालाला लावून पाहिल्यात आणि कपाळावर हात मारलात. आदल्या दिवशी एक नळी नुकतीच वाळूतून निघालेली, गरम. गरम हवेचा सूर चढा. आपण गार नळी घासून घासून त्या खोट्या सुराला आणून भिडवली होती. गरम होती ती निवली आणि खाली आली, घासलेली मात्र आखूड झाली ती झालीच.

मी म्हटलं, "अण्णा, एवढंसं तर आहे. चालेल. कुणाला कळतंय?"

"तुला कळलं ना?"

एवढंच म्हणालात आणि घमेल्यात पुन्हा वाळू ओतलीत. धूळ उठली. मी स्टो पेटवून दिला. दोन्ही नळ्या निवेपर्यंत या वेळी थांबलो. वाजवायची वेळ आली तेव्हा तुमच्या नळीतून नुसती हवा गेली, सूर निघाला नाही. दोनदा प्रयत्न केलात, मग ती नळीही माझ्याकडे दिलीत आणि खिडकीबाहेर बघत बसलात. मी एकेक वाजवून पेटीशी लावली. त्यानंतर लाकडी साचा तुम्ही बसून, पडून, टेकून पुरा केलात. तुमच्या मुलाने तो खांद्यावरून ठाण्याला नेला. ओतकाम होऊन यायच्या आत तुम्ही गेलात. शेवटच्या दिवसांत तुमचा एकच प्रश्न, "इंजिनाने श्वास घेतला का गं?" आणि माझं उत्तर, "घेईल, अण्णा. तुम्ही बोलू नका."

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि गॅलरीतून सूर यायला लागला. तोच, काळी एक. तिथे एक उरलेला नळीचा तुकडा उभा होता, वारा शिरत असेल. मी तो आडवा करून माळ्यावर टाकला. सूर येतच राहिला. भांडी घासताना, जप करताना मधेच. माळ ओढता ओढता बोटं थांबायची. देवाला विचारलं, हे काय आहे? यांना सांगितलं नाही. घरात आधीच दुःख, त्यात हे कुठे?

मग शेठनी निरोप धाडला, गाडी सुरू करतोय, घरचं कुणी यावं. यांना रजा नव्हती. मी शीळफाट्यावरून जाणारी एस.टी. धरून ठाण्यात खोपटला उतरले आणि विचारत विचारत गॅरेजला पोचले. तुमच्या नळ्या इंजिनाच्या कुशीला लागलेल्या, पांढऱ्या, स्वच्छ. मेकॅनिकने चावी फिरवली. आधी ते अडखळलं. दोन श्वास, मग थांबणं, मग एक, पुन्हा थांबणं. मी मागे सरकले, अण्णा. शेवटच्या आठवड्यात तुम्ही याच तालात श्वास घेत होतात, मी उशाशी बसून मोजलेला ताल तो. मेकॅनिक म्हणाला, "घाबरू नका वहिनी, हे कमी वेगात असंच बोलतं. आता बघा." त्याने वेग वाढवला आणि सगळी थरथर जाऊन एकच सूर उभा राहिला. लांब, न तुटणारा, कुठेही धाप नाही. शेठचे डोळे भरले. म्हणाले, "आज अण्णा पाहिजे होते." मी हात जोडले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर हे लिहिलं. पत्ता कुठला घालणार? घडी करून ठेवून देईन. घेतला अण्णा, तुमच्या इंजिनाने श्वास घेतला. पण तिथे हात जोडून उभी असताना मी देवाचं नाव घेत नव्हते. दात आवळून त्या इंजिनाला म्हणत होते, बंद पड मेल्या, बंद पड.

ते पडलं नाही.