पालेभाजी, रोज एक वाटी

४ जून
बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वयाने पडदा झिजतोय, मधोमध. शिंप्याला मधोमधच तर दिसायला हवं. झिजलेलं भरून येणार नाही. पालेभाज्या, मासे, रंगीत फळं खाल्ली तर वेग कमी होऊ शकतो. "दुसरी काही औषधं चालू?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. चौकटींचा कागद दिलाय, रोज एकेक डोळा झाकून बघायचं, रेघा वाकड्या दिसतात का.

५ जून
मुलुंड स्टेशनबाहेरून पालक, लाल माठ, शेवग्याचा पाला. आईला सांगितलं, तेल घाल, त्याशिवाय अंगी लागत नाही. वहीत वेगळं पान.

१२ जून
दोन्ही वेळा भाजी. बाबा : "माका काय बकरो समाजलंस?" आई : "खावा गुमान. पोरगो पाचाक उठान निवडता." डाव्या डोळ्याला दोन रेघा वाकड्या. कालही दोनच. म्हणजे टिकलंय? आठवड्यात कळत नसणार. तरी बरं वाटलं.

२० जून
हृदयाच्या डॉक्टरांकडे. बाबांची झडप पूर्वीच बदललेली, रक्त पातळ करायची गोळी कायमची. तपासणीत रक्त हवं तेवढं पातळ नाही. "पालेभाजी कोणी वाढवली?" मी वही पुढे केली. शाबासकी मिळेल वाटलं, लिहायलाही लाज वाटते. पालेभाजीने गोळीचा जोर उतरतो. गुठळी झाली असती. आणि ही गोळी मी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितलीच नव्हती. डोळ्यांची औषधं विचारतायत असं समजलो.

२१ जून
आई कढई घेऊन उभी. "आता काय करू, ता सांग." बाबा डाळभात खाऊन खुशीत.

२७ जून
दोन्ही डॉक्टरांना सगळे कागद दाखवले. भाजी बंद नाही. रोज एक वाटी, तेवढीच, कमी-जास्त नको. गोळीचा डोस हृदयाचे डॉक्टर त्याप्रमाणे जुळवतील. वाटी ठरवून दिली. आई : "दुसरी वाटी वाढलंय तर तू माका खातलंस."

३ जुलै
रक्त ठीक. रेघांचं विचारलं की बाबांचं एकच, "कालच्यासारखाच." दुपारी दुकानात गेलो. बाबांनी पँटची पट्टी शिवून माझ्यासमोर धरली. "सरळ आसा मा?" शेवटाकडे दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली उतरलेली. हो म्हटलं. बाबा माझ्याकडेच बघत राहिले, मान जरा तिरकी करून, हल्ली बघतात तशी.
"खरां सांग रे. गिराईक भायर उभां आसा."