वकीलबाईंना घर दिलं त्याची हकिकत

साव्हाई बेट,
रविवार, जेवणानंतर

ती. फुआतिनोताईस,

धाकट्या भावाचा, फेरेतीचा, गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुझा खोकला कसा आहे? भाऊजींची कंबर? ऑकलंडला थंडी पडली म्हटलं की मला शाळेतली ती बर्फाची कविता आठवते. आपण घामाने निथळत, पायाखालची वाळू पोळत असताना ‘हिमकण हळुवार’ म्हणून हात हलवायचो, आणि गुरुजी म्हणायचे, फेरेतीच्या आवाजात खरंच गारवा आहे. (तू मागच्या रांगेत बसून मला चिमटे काढायचीस. ते असो.) आज जेवायला नारळाच्या दुधातलं अळू होतं. खाऊन डोळे जड झाले आहेत, पण मनावरचं ओझं उतरवल्याशिवाय झोप येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझी नात मोएलागी इकडे राहते हे तुला माहीत आहेच. आजीच्या मातीला म्हणून आली आणि राहिली. तिची नोकरी मात्र मेलबर्नचीच. तिथल्या लोकांच्या कुत्र्यांना आंघोळ घालणारी एक कंपनी आहे. कुठल्या कुत्र्याला कधी न्हाऊ घालायचं ते आपली मोएलागी इथे चटईवर बसून, कॉम्प्युटरवर ठरवते. मी आधी हसलो. (आपल्या कुत्र्यांना पाऊस न्हाऊ घालतो.) पण ताई, ती घरात असते तेव्हा कुणीतरी गुणगुणत असतं. ती यायच्या आधी या घरात फक्त पाल बोलायची. तेव्हा ती राहिली पाहिजे, एवढंच माझं मागणं. बाकी कुत्र्यांचं काहीही होवो.

पहिली अडचण प्रार्थनेची झाली. मेलबर्नला चार वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचा शंख वाजलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच तिच्या साहेबांची, नोलीनबाईंची, मीटिंग. एके संध्याकाळी बाई पडद्यावर असतानाच शंख झाला. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. बाईंना वाटलं, चित्र अडकलं. अख्ख्या प्रार्थनेभर त्या ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ असं विचारत राहिल्या, आणि आमच्यातला भाविकातला भाविक माणूससुद्धा देवाने उत्तर द्यावं म्हणून थोडा थांबला. शेवटी बाईंनी मीटिंग एक तास अलीकडे घेतली. चांगल्या आहेत बिचाऱ्या.

मग कंपनीच्या वकीलबाई जाग्या झाल्या. त्यांचं म्हणणं असं, की मुलगी परदेशात बसून काम करते, ठीक आहे. ती मूळची त्या बेटावरचीच आहे, तिला कुणी हाकलणार नाही. पण उद्या कुणी म्हणालं की कंपनीनेच तिकडे दुकान थाटलंय, तर कंपनीला तिकडच्या सरकारात नाव नोंदवावं लागेल, कर भरावा लागेल, आणि एवढ्या उपद्व्यापापेक्षा मुलीला परत बोलावणं सोपं. म्हणून त्या एकदा पडद्यावरून येऊन पाहणार होत्या: हे साधं राहतं घर आहे ना, कंपनीचं काही नाही ना. मोएलागीने मला समोर बसवून बजावलं, की आजोबा, कंपनीची इथे काडीसुद्धा नाही एवढंच त्यांना दिसलं पाहिजे, तुम्ही नुसतं हसायचं. मी हसून दाखवलं. ती म्हणाली, एवढं नको.

आता तूच सांग ताई, मेलबर्नहून वकीलबाई घरी येणार आणि आपण नुसतं हसायचं? पडद्यावरून आली तरी पाहुणी ती पाहुणीच. शिवाय आपल्या घराला भिंती नाहीत. पाहुणा आलेला सगळ्या गावाला दिसतो. मी फक्त सेउमालोच्या कानावर घातलं (गावाच्या वतीने बोलायचा मान अजून त्याचाच आहे, आणि तो उभा राहिला की सूर्य मावळायचा थांबतो), आणि पुढचं आपोआप झालं. भेटीच्या दिवशी सकाळी महिला समिती एकसारखे झगे घालून हजर. कॉम्प्युटरला पाहुण्याच्या खांबाशी, सगळ्यात बारीक विणीच्या चटईवर बसवलं, गळ्यात फुलांची माळ घातली. समोर भाजलेलं डुक्कर ठेवलं. आणि कुणीतरी, मी नाव घेत नाही, कंपनीचं नाव रंगवलेली फळी दारच्या माडाला ठोकली. (अक्षर माझं होतं. ठोकली सेउमालोने.) मोएलागी नळावरून केस पुसत आली आणि फळी पाहून तशीच माडाकडे धावली. तेवढ्यात वकीलबाई पडद्यावर उगवल्या.

सेउमालो काठी टेकून उभा राहिला. काय बोलला तो! म्हणाला, हे घर आता आमचं राहिलं नाही, तुमचं आहे. ही जमीन तुमची, हा खांब तुमचा, आम्ही फक्त तुमच्या उंबऱ्यावर बसलेली माणसं. मोएलागी त्याचं इंग्रजी करत होती. थोडं गाळायला गेली, तर सेउमालो थांबून म्हणाला, ‘पोरी, खांब राहिला.’ मग मलाही राहवलं नाही. रात्रभर रचलेलं कडवं म्हटलं:

ये पाखरा, मिटून पंख,
हे झाड तुझे, ही फांदी तुझी.

वकीलबाईंनी चष्मा पुसला. ‘झाडसुद्धा?’ त्यांनी विचारलं.

‘झाडसुद्धा, बाई,’ सेउमालो म्हणाला. ‘दिलं म्हणजे दिलं.’

मग त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, की इथे कंपनीसाठी एकूण कोण कोण राबतं. महिला समितीच्या बायका एकमेकींकडे पाहून गोड हसल्या आणि एका सुरात म्हणाल्या, ‘आम्ही सगळ्याच तुमच्या, बाळा.’

पडदा काळा झाला. पाहुणीच्या वाट्याचं डुक्कर कॉम्प्युटरपुढे तसंच राहिलं, ते कुत्र्याने नेलं. (निदान धंद्याला धरून झालं.)

संध्याकाळी निरोप आला: कंपनीला घर, जमीन, झाड आणि बिनकराराचा नोकरवर्ग असल्याचं दिसतं, तेव्हा मोएलागीने महिनाअखेर परतावं. ती फक्त म्हणाली, ‘आजोबा, तुम्हाला नुसतं हसायचं होतं.’ ताई, मला आयुष्यात इतकं टाकून कुणी बोललं नाही.

मी सेउमालोकडे गेलो आणि घर परत घे म्हणालो. तो भडकला. भाषणात दिलेलं परत मागायला मी काय हलकट आहे का, म्हणाला. पाहुण्यानेच भाषण करून परत केलं तर गोष्ट वेगळी. मी तडक घरी येऊन वकीलबाईंसाठी भाषण लिहिलं. मोएलागीने त्याचं इंग्रजी केलं आणि पाठवून दिलं. बाई म्हणाल्या, मी असलं काही वाचणार नाही. मोएलागी म्हणाली, नका वाचू, मग झाड तुमचंच. दुसऱ्या दिवशी बाई पडद्यावर आल्या.

त्यांनी वाचलं: ‘तुमचं घर उंच, आमची मान तोकडी. घर तुमच्यापाशीच शोभतं. जमीन, खांब, झाड, फांदी, राबणाऱ्या बायका, सगळं परत घ्या. पाखरू तर तुमचंच आहे. ते तुमच्यापाशीच राहो.’

मला पुढचं नीट दिसलं नाही. सेउमालो मात्र हलला नाही. रीतीप्रमाणे त्याने दोनदा नाही म्हटलं, आणि दोन्ही वेळा वकीलबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तिसऱ्यांदा त्याने घर घेतलं आणि ढसाढसा रडला. म्हणाला, ही बाई आपल्याकडे जन्मायला हवी होती. महिला समिती तेवढी रुसली आहे. एका वाक्यात सगळ्यांना कामावरून काढलं म्हणून त्या आता माझ्या घरावरून नाक वर करून जातात.

तर मोएलागी राहिली. फळी मी उतरवली. मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

तुझा
फेरेती

ता. क. – वकीलबाईंची एक बारीकशी अट राहिली. कुत्र्यांच्या मालकांचे पत्ते खाजगी असतात म्हणे, तेव्हा काम बंद खोलीत झालं पाहिजे. (सेउमालोला मेलबर्नची निम्मी कुत्री नावानिशी पाठ आहेत, हे त्यांना कळलं.) गावात दाराचं, भिंतींचं, रिकामं घर एकच: तू बांधून कुलूप लावून ठेवलेलं. किल्ली पाठवशील?

ता. ता. क. – पाठवू नकोस. मागच्या मंगळवारीच कुलूप काढलं. सेउमालोने पहार लावण्याआधी दाराची रीतसर माफी मागितली. हे पत्र तुझ्याच काचेच्या टेबलावर लिहितोय. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक एकाच खुर्चीचं काढलं आहे.

शेवटचं – मेलबर्नहून बारीक आवाजाच्या एका बाईंचा तुला फोन येईल. हे घर तुम्ही कंपनीला दिलंय का, असं विचारतील. आमच्यापैकी कुणीही फोन घेतला तर काय होईल ते तू जाणतेस. तू फक्त ‘नाही, आणि कधी देणारही नाही’ असं म्हणून फोन आपटायचा आहे. आपल्या अख्ख्या खानदानात पाहुण्याशी असं बोलणं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. म्हणूनच, ताई, तुला लिहिलं.