खंडेनवमीला मागितलेली पक्कड

आबा,

मागच्या महिन्यात आई गेली. ही बातमी तुम्हाला द्यायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून माझं वय आता किती तरी जास्त आहे. तेव्हा आज मी थोडी रागावून बोलले तर ऐकून घ्या. आईबद्दल लिहायचं म्हटलं की त्या विमानापासूनच सुरुवात करावी लागते, कारण तिचं पुढचं सगळं आयुष्य तिथेच अडकून पडलं.

लोक पै-पै साठवून घर बांधतात, तुम्ही विमान बांधायला काढलंत. रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होतात, पण लढाईच्या दिवसांत लष्कराच्या विमानतळावर विमानं दुरुस्त केलेली, तिथल्याच एका साहेबानं उडवायलाही शिकवलेलं. ते खूळ डोक्यातून गेलं नाही. लोणावळ्याच्या आपल्या घरामागे पत्र्याची शेड उभी राहिली आणि तिच्यात जुन्या खोक्यांच्या हलक्या फळ्या येऊन पडल्या. पावसाळ्यात तिथल्या दमटपणानं लाकूड फुगायचं, म्हणून चार महिने तुम्ही एकही सांधा चिकटवायचा नाहीत, नुसते फळ्या पुसत बसायचात. दिवाळीनंतर डिंकाचं काम निघे, आणि ते स्वयंपाकघरात. तो डिंक दुधाचा. चांगलं दूध मुद्दाम नासवायचं, चोथा पिळून वाळवायचा, चुन्यात घोटायचा. कान्हे गावच्या शेतकऱ्याघरची आई, तिच्या हातून दूध नासवून घ्यायचं म्हणजे काय! "आवो, भरल्या घरात कुनी दूध नासवतं व्हय?" ती म्हणायची. "लक्षुमी रुसंल." तुम्ही पाटावर बसून चोथा पिळत हसता आहात, ते मला अजून दिसतं. "अगं, मी वर असेन तेव्हा तुझ्याच हातचं दूध मला धरून ठेवणार आहे." यावर आईनं पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या दिवसापासून मुकाट्यानं लिंबू पिळायला लागली. त्या घरात दुसरं काय करायचं होतं तिला!

पंखांवर कापड चढवायचं काम आम्हा दोघींचं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, माझे हात रिकामेच होते. वडगावच्या बाजारातून आणलेलं दाट सुती कापड, मेण लावलेला दोरा, आणि वीतभर अंतरावर एक गाठ. वरून तुम्ही डोप नावाचं रोगण फासायचात, त्याला अति पिकलेल्या केळ्यांसारखा वास यायचा आणि आमच्या अंथरुणांनासुद्धा तो लागलेला असायचा. एकदा मी शिवण मधेच सोडून दाराशी आलेल्या मैत्रिणीशी बोलायला उठले. परत आले आणि होतं तिथून पुढे शिवायला लागले. तुम्ही आलात, ब्लेड घेतलंत आणि माझी सगळी सकाळची शिवण उसवून टाकलीत. "मधे उठलीस ना? मग पहिल्यापासून बघायचं. आपल्याला वाटतं हाताच्या लक्षात असतं. नसतं." मी रडले. आई म्हणाली, "पोरीला किती बोलाल?" तुम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुमचं बरोबर होतं, हेच त्यातलं वाईट.

मग एका वर्षी पंख वेगळे काढून सगळं ट्रकमधून कान्ह्याला नेलं. मामांच्या शेताला लागून गायरान होतं, लांब आणि सपाट. सरकारकडे परवानगीचे कागद पाठवून तुम्ही थकला होतात, उत्तर येत नव्हतं. तेव्हा "नुसतं जमिनीलगत बघतो" म्हणत सुरुवात केलीत. दर रविवारी आम्ही तिकडे. विमान धावायचं, माणूसभर वर उठायचं आणि डावा पंख खाली टाकून बसायचं. मामा बांधावरून ओरडायचे, "दाजी, ह्ये उडतंय का बेडकावानी उड्या मारतंय?" तुम्ही चिडायचा नाहीत. पंखाच्या मागच्या कडेला बोटभर पत्र्याची पट्टी लावलीत, ती केसभर वाकवायची, धावायचं, उतरायचं, पुन्हा वाकवायची. नाक जड आहे की शेपूट, हे बघायला धान्याच्या व्यापाऱ्याचे वजनकाटे आणून चाकांखाली ठेवलेत आणि बॅटरी मागे सरकवलीत. पुढे भाद्रपदात एका रविवारी ते सरळ उठलं, सरळ उतरलं. उतरलात तेव्हा तुमचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता इतका तरुण होता. आईनं सगळ्यांदेखत तुमची दृष्ट काढली. आबा, आम्ही फार सुखात होतो, हे मी इथे लिहून ठेवते. पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही.

तुम्ही ठरवलंत, दसऱ्याला खरं उडायचं, गावाला एक चक्कर मारून यायची. हेच तुमचं सीमोल्लंघन. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही मामांकडेच होतो. कोयते, विळे, पहारी, मामांचा नांगराचा फाळ, सगळं धुऊन सोप्यात मांडलेलं. तुमचीही हत्यारं त्यात हवीत म्हणून आई गायरानात आली आणि पेटी घेऊन गेली. तुम्ही शेपटीखाली आडवे होऊन, विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या दोरीचा ताण जुळवत होतात, नाक किंचित खाली राहत होतं म्हणून. तारेच्या त्या दोरीला मधे एक पेचाचा जोड असतो. तो फिरवून ताण कमी-जास्त करायचा, आणि मग त्यावर बारीक तार पिळून बसवायची, म्हणजे इंजिनाच्या थरथरीनं पेच उलटा फिरत नाही. ताण जुळला. तार पिळायला तुम्ही पक्कड मागायला घरी आलात. आई नुकतीच पूजा करून उठली होती. "आता न्हाई मिळायची," ती म्हणाली. "हळद-कुकू वाहिलंय. एकदा पुजलं की उद्यापतूर उचलायचं न्हाई." मी तिथेच झेंडू ओवत होते. तुम्ही पकडीकडे पाहिलंत, तिच्यावर कुंकू होतं. रेल्वेच्या शेडमध्ये तुम्ही स्वतः दर खंडेनवमीला पोरांना हातोडी उचलू देत नव्हतात. हसून म्हणालात, "बरोबर आहे तुझं. सकाळी बघू."

सकाळी उत्तरपूजा झाली, आईनं स्वतः पक्कड पुसून तुमच्या हातात दिली. तुम्ही ती शर्टाच्या खिशात टाकलीत. हे मी पाहिलं आहे. गायरानात निम्मं गाव आलं होतं. कुणी नारळ घेऊन, कुणी पोरांना खांद्यावर घेऊन. प्रत्येकजण तुमच्याशी बोलत होता आणि तुम्ही प्रत्येकाला उत्तर देत होतात. शेपटीकडे तुम्ही गेला नाहीत. विमान छान उठलं. नदीच्या बाजूला पहिलं वळण घेतलंत, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग नाक खाली गेलं, आणि ते वर आलंच नाही. पोटरीला आलेल्या, लोंब्या फुटायच्या बेतातल्या भातात पडलात. मामा सगळ्यांत आधी पोचले आणि त्यांनी आईला पुढे येऊ दिलं नाही.

रेल्वेच्या शेडमधले तुमचे जोडीदार फिटर दुसऱ्या दिवशी मोडतोड बघून आले. म्हणाले, "जोड सुटलाय वहिनी. तार घातलेलीच नाही." थोरल्या काकांनी ते ऐकलं आणि अंगणात, सगळ्यांसमोर, आईला विचारलं, "पक्कड का दिली न्हाईस?" मी लगेच सांगितलं की पक्कड आबांच्या खिशात होती, सकाळी दिली होती, दवाखान्यातून आलेल्या कपड्यांत ती आहे. काढून दाखवली. काकांनी विषय सोडला. आईनं नाही. ती म्हणाली, "काम मोडलं त्ये म्याच. मधीच उठीवलं म्हून इसरले." तुमचाच धडा होता तो, आबा, तुमच्याच घरात शिकलेला.

त्यानंतर आई कुणालाही 'थांब' म्हणाली नाही. कुणी कात्री मागितली, पाणी मागितलं, की हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून ती धावायची. भाकरी करपायची. माझ्या नवऱ्याला वाटायचं, सासूबाई फार सोशिक. सोशिक कसल्या, घाबरलेल्या होत्या. मी तिला शंभर वेळा सांगितलं, चिडून सांगितलं, जवळ घेऊन सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "व्हय, बाई." एवढंच.

शेवटी ती माझ्याकडे वडगावला होती. माणसं ओळखायची बंद झाली होती. एका दुपारी मी औषध घेऊन आत गेले तर ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम डोक्यावर पदर घेतला. म्हातारपणी मी तुमच्यासारखी दिसते असं सगळेच म्हणतात. "आवो," ती म्हणाली, "ती पक्कड म्या द्याया पायजे व्हती." मला काय झालं कोण जाणे, मी आवाज जाड केला आणि म्हणाले, "तुझी चूक नाही. सकाळी खिशात होती की माझ्या. मीच विसरलो." वाटलं, माझं नाही ऐकलं, तुमचं तरी ऐकेल. तिनं माझा हात धरला. "आसं नगा म्हनू," ती म्हणाली. "तुमी कशापायी इसराल? तुमी कदी काय इसरत न्हवता." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. थोड्याच दिवसांत ती गेली.

हे पत्र मी कुठं टाकणार आहे? घडी करून कपाटात ठेवीन. पण एक कबूल करते. त्या दुपारी मी तुमच्या तोंडी ते शब्द घातले खरे, पण तुम्ही वाचला असतात आणि आईनं तुम्हालाच हे म्हटलं असतं, तर तुम्ही 'मीच विसरलो' म्हणाला असतात की तिच्याकडे न बघता गप्प बसला असतात, हे मला माहीत नाही.