भांडण न करता तुवालूला

२ फेब्रु., पाली
नक्की झालं. तुवालू! नकाशात बोट ठेवलं तर अख्खा देश बोटाखाली जातो. विनयसर पुण्याचे. कुणी जात नाही असल्या देशांत जाऊन व्हिडिओ करायचा त्यांना नाद. दिवाळीत आमच्या पालीवरच्या राजगडावर त्यांचा ड्रोन दरीत पडला, मी उतरून आणून दिला. तेव्हापासून म्हणत होते, चल सोबत, सामान धर, ड्रोन उडव. आईचं एकच, तितं भात मिळंल का.

४ फेब्रु., भोर
सायलीचं कॉलेज सुटताना तिला एस.टी. स्टँडवर गाठलं. तिच्या मार्गासनीची गाडी लागायला वीस मिनिटं. तिला वाटलं तुवालू म्हणजे कोकणातलं बेट. मोबाईलवर नकाशा दाखवला तर हसत सुटली. मग सांगितलं.
स्थळ आलंय तिला. मुलगा शिरवळला कंपनीत आहे म्हणे. आणि तात्या, म्हणजे तिचे वडील, माझ्याबद्दल काय म्हणतात तर शिक्षण अर्धं टाकल्यालं, वर डोकं फिरल्यालं. खरंय. एस.वाय.ला एकाचं नाक फोडलं नि त्याच दिवशी कॉलेज सोडलं.
सायली म्हणाली, "जाऊन ये. पन मधी एकाशी बी भांडू नगंस. तेवढं जमलं तर घरी तुझं नाव मी काढते."
दहा दिवस तर आहेत. जमलंच समज!

९ फेब्रु., फिजी
रांगेत एक जण पुढं घुसला. जीभ चावली. एक दिवस पास.

११ फेब्रु., फुनाफुती
आलो तुवालूत!! खिडकीतनं नुसतं पाणी, मग एकदम हिरवा दोरा. तोच देश. दोन्ही बाजूला समुद्र, मधी बांधाएवढी जमीन. विमान यायच्या आधी भोंगा होतो, धावपट्टीवरची माणसं बाजूला सरतात. विमान गेलं की पुन्हा तिथंच व्हॉलीबॉल. मी बी खेळलो. लई मजा. सायली हवी होती.

१३ फेब्रु.
घोटाळा. किनाऱ्यावर नारळ पडलेला दिसला. एवढ्या लांब येऊन दर्याला नारळ दिला नव्हता. सायलीसाठी फोडला, अर्धा पाण्यात सोडला. तेवढ्यात मागनं एक म्हातारी आली, उरलेला अर्धा हिसकावला नि बोलतच सुटली. मी बी सुटलो. मराठीत. पडल्याला नारळ कुणाच्या बापाचा नसतो, इथपर्यंत.
तिच्या सुनेनं सरांना इंग्रजीत समजावलं. हितं प्रत्येक झाड कुणाचं तरी. खाली पडलेला नारळ बी त्याच घरचा, डुकरांना घालायचा. आमच्या झाडाखालचा आंबा असा कुणी उचलला असता तर मी काठीच...
मी काय बोललो ते ह्या अख्ख्या देशात एकट्या सरांना कळलं. ते म्हणाले, "मी काही ऐकलं नाही रे."

१४ फेब्रु.
दिवसभर म्हातारीच्या घरी. ढीगभर नारळ खवून दिले. माझं खवणं बघून सगळं घर हसत होतं. जेवायला मासा, नारळाच्या दुधात शिजवलेला. जाताना तिनं गळ्यात फुलांची माळ घातली. कसला दिवस!
पण डोक्यात किडा वळवळतोय. लपवलं तर सायलीला कधी कळणार नाही. लिहून टाकलं: "एकदा भांडलो. म्हातारीशी."

१६ फेब्रु., गुरुवार
सायलीचं उत्तर. "म्हातारीशी? लाज वाटती का. रविवारी ती शिरवळची लोकं बघायला येनारेत. आता मी कुठल्या तोंडानं नाव काढू?"
त्यात आजचं परतीचं विमानच आलं नाही. पुढचं शनिवारी. म्हणजे पालीत सोमवार. सर काउंटरवर भडकले. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मी!
मग म्हटलं, तिनं कशाला नाव काढायचं. हितं दुपारचे तीन, तिकडं साडेआठ. तात्या डेअरीला दूध घालून आले असणार. लावला. नारळासकट सगळं सांगितलं, मागणी बी घातली.
तात्या म्हणाले, "पाव्हणं रविवारी येनार, त्यांस्नी मी शब्द दिलाय. तू सोमवारी ये. दोनी बघू."
ठेवला फोन.
नाही म्हणाले नाहीत. दोनी बघू म्हणाले. चार वेळा आठवून बघितलं, तसंच म्हणाले. पण सोमवारच्या आधी रविवार येतो.